जॉइनमधला ‘कॉलम अँबिग्युअस’ एरर : आधी काय तपासायचं, नंतर काय, आणि कुठे थांबायचं

फोन बहुतेक वेळा सकाळी येतो. रात्रीपर्यंत नीट निघणारा रिपोर्ट आज निघत नाही, पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी आलंय, आणि काउंटरवर पाहुणा बिलासाठी उभा आहे. गोव्यात कळंगुट, म्हापसा, मडगाव, काणकोण इथल्या लहान हॉटेलांची आणि गेस्ट हाउसांची बुकिंग-बिलिंगची सॉफ्टवेअरं मी सांभाळतो. हा एकच दोष इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता तो नीट लिहून ठेवावा असं वाटलं. ज्यांना एस्क्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, थोडंफार येतं, स्वतःच्या डेटाबेसवर क्वेरी (त्या भाषेतला प्रश्न) चालवता येते, दोन टेबलं जोडणारं जॉइन माहीत आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

एक सूचना आधीच देतो. खालच्या क्वेरी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्यात. सिलेक्ट, फ्रॉम, जॉइन हे शब्द तुमच्या पडद्यावर नेहमीसारखे रोमन लिपीतच टाइप करायचे.

लक्षणं

सगळ्यात उघड लक्षण म्हणजे एररचा मजकूर. मायएस्क्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसांत तो १०५२ या नंबराने येतो : ‘कॉलम अमुक इन फील्ड लिस्ट इज अँबिग्युअस’. पोस्टग्रेसमध्ये ‘कॉलम रेफरन्स अमुक इज अँबिग्युअस’, कोड ४२७०२. एस्क्यूएल सर्व्हरमध्ये मेसेज २०९. ओरॅकलमध्ये ओआरए-००९१८, ‘कॉलम अँबिग्युअसली डिफाइन्ड’. एस्क्यूलाइट नुसतं ‘अँबिग्युअस कॉलम नेम’ म्हणून नाव देतं. शब्द वेगळे असले तरी तक्रार एकच आहे : तुम्ही कॉलमचं नुसतं नाव लिहिलंय, आणि त्या नावाचा कॉलम जोडलेल्या एकाहून जास्त टेबलांत आहे. कुणाचा घेऊ?

दुसरं लक्षण : यादी उघडते, पण तारखेने फिल्टर लावला किंवा मथळ्यावर क्लिक करून क्रम बदलला की एरर. म्हणजे मूळ क्वेरी बरी आहे, फिल्टरमधून मागाहून जोडला जाणारा तुकडा आंधळा आहे.

तिसरं : क्वेरीला कुणी हात लावलेला नाही, तरी ती आजपासून बंद. हे सर्वांत जास्त वेळा दिसतं, आणि मालकाचा विश्वास बसत नाही तो इथेच. ‘आम्ही काही केलं नाही’ हे त्याचं म्हणणं खरंच असतं. क्वेरी तीच असते, टेबल बदललेलं असतं.

चौथं लक्षण फसवं आहे, कारण त्यात एरर येतच नाही. यादीतल्या पाचव्या ओळीवर ‘बदला’ दाबलं की भलत्याच माणसाचं बुकिंग उघडतं. किंवा रिपोर्ट मुकाट्याने कमी ओळी देतो. हेही त्याच घरचं दुखणं आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

पहिली तपासणी : एरर पूर्ण वाचा

याला पैसा लागत नाही, मिनिटही लागत नाही, आणि तरी बहुतेक जण हे करत नाहीत. फोटो पाठवतात त्यातही अर्धी ओळ कापलेली असते. एररमध्ये दोन गोष्टी शोधा : कॉलमचं नाव, आणि तो क्वेरीच्या कुठल्या भागात अडला ते. मायएस्क्यूएल भाग सांगतं. ‘फील्ड लिस्ट’ म्हणजे सिलेक्टनंतरची यादी, ‘व्हेअर क्लॉज’ म्हणजे अट, ‘ऑर्डर क्लॉज’ म्हणजे क्रम, ‘ऑन क्लॉज’ म्हणजे जोडणीची अट. पोस्टग्रेस ओळ क्रमांक देतं आणि बरोबर त्या शब्दाखाली टोपीसारखी खूण करतं. ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्या मात्र कॉलमचं नावही सांगत नाहीत. तिथे सिलेक्टच्या यादीतले निम्मे कॉलम काढून क्वेरी चालवा. चालली तर दोष काढलेल्या निम्म्यात आहे. तीन-चार फेऱ्यांत तो सापडतो.

हे आधी का करायचं? कारण एका क्वेरीत एकाच नावाचा कॉलम चार जागी वापरलेला असतो. पहिली जागा दुरुस्त केली की डेटाबेस दुसऱ्या जागेसाठी तोच एरर देतो, आणि माणसाला वाटतं दुरुस्ती लागूच झाली नाही. मग तो बरोबर केलेलंही उलटं फिरवतो.

दुसरी तपासणी : त्या नावाचे कॉलम कुठे कुठे आहेत

क्वेरीत जेवढी टेबलं आहेत त्या प्रत्येकाची रचना पाहा. मायएस्क्यूएलमध्ये ‘डिस्क्राइब’ पुरतं. टेबलं पुष्कळ असतील तर माहितीचा साठाच विचारा :

सिलेक्ट टेबल_नेम फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स
व्हेअर कॉलम_नेम = 'आगमन'

मायएस्क्यूएल, पोस्टग्रेस आणि एस्क्यूएल सर्व्हर तिघांतही हे चालतं. ओरॅकलमध्ये त्याऐवजी ऑल_टॅब_कॉलम्स पाहायचं, एस्क्यूलाइटमध्ये प्रॅग्मा टेबल_इन्फो.

उत्तरात दोन नावं आली की गुन्हेगार सापडला असं वाटतं. पण खरं काम इथे सुरू होतं. त्या दोन कॉलमांत काय साठवलंय ते दहा-दहा ओळी काढून डोळ्यांनी पाहा. नाव एक असलं म्हणून अर्थ एक असतोच असं नाही.

नागवा हे गाव बार्देशात हडफड्याला लागून आहे, आणि सासष्टीत वेर्ण्याजवळही आहे. कुरिअरवाल्याला नुसतं ‘नागवा’ सांगितलं तर तो आधी तालुका विचारतो. आपल्याकडे म्हातारी माणसं पोराला नाव विचारून थांबत नाहीत, ‘तूं कोणालो?’ (तू कुणाचा?) हे विचारतातच. डेटाबेस तेवढंच विचारतोय. उत्तर घाईत, तोंडाला येईल ते दिलं, तर पार्सल चुकीच्या तालुक्यात जाईल आणि पोहोचल्याची सहीसुद्धा मिळेल.

तिसरी तपासणी : कॉलमच्या आधी टेबलाचं नाव लावा, पण कुणाचं ते ठरवून

नेहमीची दुरुस्ती हीच. ही क्वेरी अडते :

सिलेक्ट नाव, आगमन, खोली_क्रमांक
फ्रॉम बुकिंग
जॉइन पाहुणे ऑन बुकिंग.पाहुणा_आयडी = पाहुणे.आयडी

ही चालते :

सिलेक्ट पा.नाव, बु.आगमन, बु.खोली_क्रमांक
फ्रॉम बुकिंग बु
जॉइन पाहुणे पा ऑन बु.पाहुणा_आयडी = पा.आयडी

टेबलाला ‘बु’, ‘पा’ असं टोपणनाव दिलंत की त्या क्वेरीत मूळ नाव चालत नाही. अर्धे कॉलम ‘बुकिंग.’ने आणि अर्धे ‘बु.’ने लिहिले तर एरर बदलतो, जात नाही. मायएस्क्यूएल १०५४ देतं, एस्क्यूएल सर्व्हर ४१०४ देतं. नवा नंबर दिसला म्हणून घाबरू नका, टोपणनाव सगळीकडे लावा.

आता ‘आगमन’ कुणाचं घ्यायचं? हे उदाहरण मी मुद्दाम घेतलंय, कारण त्याने मला धडा दिला. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरावा लागतो, ज्याला आम्ही सी फॉर्म म्हणत आलो. त्यात पाहुणा भारतात कधी आला आणि हॉटेलात कधी आला, या दोन वेगळ्या तारखा लागतात. एका गेस्ट हाउसच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाहुणे’ टेबलातलं आगमन म्हणजे भारतात उतरल्याची तारीख होती, आणि ‘बुकिंग’ टेबलातलं आगमन म्हणजे हॉटेलात आल्याची. ज्याने एरर मिटवला होता त्याने दोन्ही जागी ‘पा.’ लावलं होतं. एरर गेला, रिपोर्ट निघू लागला, आणि मुंबईत आठवडाभर राहून गोव्यात आलेला माणूस पहिल्या दिवसापासूनच त्या गेस्ट हाउसमध्ये असल्यासारखा दिसू लागला. काउंटरवरच्या मुलीला ते खटकलं म्हणून कळलं. डेटाबेसला त्यात काहीच चुकीचं दिसत नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असतो : एरर बंद व्हावा म्हणून नाव लावू नका. आधी एका वाक्यात म्हणा, ‘मला हॉटेलात आल्याची तारीख हवी आहे’, आणि मग ती ज्या टेबलात आहे त्याचं नाव लावा. वाक्य म्हणता येत नसेल तर ज्याला तो रिपोर्ट लागतो त्याला विचारा.

एकच टेबल दोनदा जोडलेलं असेल तर टोपणनावाशिवाय गत्यंतरच नाही. टॅक्सी बुकिंगमध्ये ‘ठिकाणं’ हे टेबल एकदा कुठून न्यायचं यासाठी आणि एकदा कुठे सोडायचं यासाठी जोडलं जातं. ५ जानेवारी २०२३ ला मोपाच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तोवर दाबोळी एवढा एकच विमानतळ धरून चालणाऱ्या क्वेरींत कुणाच्या हे लक्षात यायचं कारण नव्हतं. दोन विमानतळ आल्यावर ‘ठिकाणं.नाव’ म्हणजे कुठलं, हा प्रश्न रोजचा झाला. तिथे ‘ठि१’, ‘ठि२’ अशी टोपणनावं देऊ नका. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी द्या. वाचणाऱ्याला अर्थ कळला तर तो चुकीचं निवडत नाही.

चौथी तपासणी : लेफ्ट जॉइन आहे का

साध्या जॉइनमध्ये जोडणीचा कॉलम दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे कुठलाही घेतला तरी चालून जातं. लेफ्ट जॉइनमध्ये तसं नाही, कारण त्यात डावीकडच्या टेबलातली प्रत्येक ओळ येते, उजवीकडे जुळणारं काही नसलं तरी. रिकाम्या खोल्यांसकट सगळ्या खोल्यांची यादी हवी म्हणून ‘खोल्या’ला ‘बुकिंग’ लेफ्ट जॉइन केलंय, आणि खोली_क्रमांक दोन्हीकडे आहे. ‘बु.खोली_क्रमांक’ घेतला तर ज्या खोलीला बुकिंग नाही तिथे क्रमांकाच्या जागी रिकामं येतं. हे निदान दिसतं तरी.

न दिसणारं असं असतं :

फ्रॉम खोल्या खो
लेफ्ट जॉइन बुकिंग बु ऑन बु.खोली_क्रमांक = खो.खोली_क्रमांक
व्हेअर स्टेटस = 'चालू'

‘स्टेटस’ दोन्हीकडे आहे. खोलीचं स्टेटस म्हणजे ती वापरात आहे की दुरुस्तीला बंद. बुकिंगचं स्टेटस म्हणजे पाहुणा सध्या आहे की गेला. ‘खो.स्टेटस’ लावलंत तर वापरात असलेल्या सगळ्या खोल्या येतील. ‘बु.स्टेटस’ लावलंत तर बुकिंग नसलेल्या सगळ्या खोल्या यादीतून गळून पडतील, कारण त्यांच्याकडे बुकिंगचं स्टेटसच नाही आणि रिकामं कशाशीच जुळत नाही. लेफ्ट जॉइन लिहिलेलं तसंच राहतं, काम मात्र साध्या जॉइनचं होतं. चालू बुकिंग हवं आणि रिकाम्या खोल्याही हव्यात, तर ती अट व्हेअरमधून उचलून ऑनमध्ये न्यायची :

ऑन बु.खोली_क्रमांक = खो.खोली_क्रमांक अँड बु.स्टेटस = 'चालू'

दुरुस्तीनंतर मी दरवेळी एक मोजणी करतो. हॉटेलात खोल्या किती हे मालकाला तोंडपाठ असतं. रिपोर्टमध्ये तेवढ्या ओळी आल्या का? कमी असतील तर लेफ्ट जॉइन मेलाय. जास्त असतील तर एका खोलीला दोन बुकिंगं जुळताहेत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि त्याने मला कित्येकदा वाचवलंय.

पाचवी तपासणी : ‘काल चालत होतं’

क्वेरी बदलली नसेल तर शोध टेबलात घ्यायचा. अलीकडे कुणी कॉलम वाढवला का? अपडेट चढवलं का?

याचं ताजं उदाहरण सगळ्या हॉटेलवाल्यांना माहीत असलेलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ₹७,५०० पर्यंत भाडं असलेल्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही). त्याहून महाग खोल्यांवर १८ टक्केच राहिला. तोवर पुष्कळ लहान सॉफ्टवेअरांत कराचा दर एका सेटिंगमध्ये ठेवलेला असे. आता त्या तारखेआधीची बिलं एका दराची आणि नंतरची दुसऱ्या दराची, म्हणजे प्रत्येक बिलाच्या ओळीत त्या वेळचा दर साठवणं भाग झालं. सरळ, योग्य बदल. ‘बिल_ओळी’ टेबलात नवा कॉलम आला, त्याचं नाव ठेवलं ‘रेट’.

‘खोल्या’ टेबलात ‘रेट’ आधीपासून होता. तिथे त्याचा अर्थ खोलीचं भाडं.

बदल करणाऱ्याने स्वतःचा बिलाचा पडदा तपासला, तो चालला. पण खोल्या आणि बिल_ओळी जोडणारे जुने जेवढे रिपोर्ट नुसतं ‘रेट’ म्हणत होते, ते सगळे एका रात्रीत बंद पडले. यात एक क्वेरी अशी होती : व्हेअर रेट > ७५००. महाग खोल्या वेगळ्या काढून त्यांचा कर पाहण्यासाठी. कुणीतरी घाईत तिथे ‘बिल_ओळी.रेट’ लावलं. तिथल्या किमती ५ आणि १८. साडेसात हजारांच्या वर एकही नाही. रिपोर्ट एररशिवाय निघाला आणि त्याने सांगितलं, या महिन्यात महाग खोली एकही गेली नाही. डिसेंबरच्या हंगामात, किनाऱ्यावरच्या हॉटेलात! रिकामा रिपोर्ट म्हणजे बरोबर रिपोर्ट, असं धरून चालू नका.

म्हणून मी आता दोन टेबलं जोडली की प्रत्येक कॉलमला नाव लावतो, आज गरज असो वा नसो. आज ‘नाव’ फक्त पाहुण्यांच्या टेबलात आहे. उद्या कुणी खोल्यांना नावं देईल, ‘मांडवी’, ‘जुवारी’, आणि खोल्यांच्या टेबलातही ‘नाव’ येईल. कॉलम वाढवताना मी ‘रेट’ असं न लिहिता ‘कर_टक्के’ किंवा ‘खोली_भाडं’ असं लिहितो. जुनी नावं मात्र बदलायला जात नाही. चालत्या सॉफ्टवेअरमध्ये कॉलमचं नाव बदललं की कुठल्या कोपऱ्यात काय तुटेल ते सांगता येत नाही.

सहावी तपासणी : सिलेक्ट स्टार

भलतंच बुकिंग उघडतं ते इथे. ‘सिलेक्ट *’ने दोन टेबलं जोडली की निकालात ‘आयडी’ दोनदा येतो. डेटाबेसला त्यात अडचण नसते, तो दोन्ही कॉलम देतो. पण प्रोग्रामची भाषा ती ओळ नावांच्या यादीत भरते, आणि एका नावाला एकच जागा असते. पीएचपी भाषेत डेटाबेसशी बोलणाऱ्या पीडीओमध्ये फेच_असोकने (ओळ कॉलमच्या नावांनी देणाऱ्या पद्धतीने) वाचलं तर एका नावाची एकच किंमत हाती येते, नंतरची आधीचीवर बसते. बुकिंगचा आयडी ४१२ आणि पाहुण्याचा ८७ असेल, तर पडद्याला ८७ मिळतो, आणि ‘बदला’ बटण ८७ नंबरचं बुकिंग उघडतं. ते दुसऱ्याच कुणाचं असतं.

उपाय : स्टार काढा, हवे ते कॉलम लिहा, आणि जुळ्यांना वेगळी नावं द्या.

सिलेक्ट बु.आयडी ॲज बुकिंग_आयडी, पा.आयडी ॲज पाहुणा_आयडी, पा.नाव

पडद्यामागच्या कोडमध्येही तीच नवी नावं घालायला विसरू नका, नाहीतर पडदा रिकामा येईल.

सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) किंवा व्ह्यूमध्ये (नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत) असा स्टार असेल तर डेटाबेस स्वतःच अडवतो. मायएस्क्यूएल १०६० देतं, म्हणजे एकच नाव दोनदा. औषध तेच.

सातवी तपासणी : क्रम आणि गट

ऑर्डर बायमध्ये नुसतं नाव लिहिलं तर मायएस्क्यूएल आणि पोस्टग्रेस दोघंही आधी सिलेक्टच्या यादीत ते नाव शोधतात. म्हणून ‘बु.आगमन’ यादीत असताना ‘ऑर्डर बाय आगमन’ चालतं. उद्या तुम्ही यादीत ‘पा.आगमन’ही घातलं की तीच ओळ अँबिग्युअस होते. ग्रुप बायमध्ये शोधाचा क्रम उलटा आहे : आधी टेबलांतले कॉलम, मग यादीतली टोपणनावं. टोपणनाव टेबलातल्या कॉलमसारखंच ठेवलं असेल तर गट तुम्हाला वाटतो त्याच्यावर पडत नाही. दोन्ही जागी टेबलाचं नाव लावा.

आठवी तपासणी : यूजिंग आणि नॅचरल जॉइन

दोन्ही टेबलांत जोडणीच्या कॉलमचं नाव एकच असेल तर ऑनऐवजी ‘यूजिंग (पाहुणा_आयडी)’ लिहिता येतं. मग तो कॉलम निकालात एकच धरला जातो आणि नुसतं नाव चालतं. ओरॅकलमध्ये तर यूजिंगमधल्या कॉलमला टेबलाचं नाव लावलंत तर ओआरए-२५१५४ येतो. एस्क्यूएल सर्व्हरमध्ये यूजिंग नाही. मला स्वतःला ऑन आवडतं, कारण वाचताना कोण कुणाला जोडलंय ते समोर दिसतं.

नॅचरल जॉइन मात्र वापरूच नका. ते दोन्ही टेबलांतले सारख्या नावाचे सगळे कॉलम जुळवून पाहतं. आज एकच कॉलम सारखा आहे म्हणून चालतं. उद्या दोन्ही टेबलांत ‘बदल_तारीख’ आली की तीही जुळायला हवी असं ते धरतं, ती जवळपास कधीच जुळत नाही, आणि निकाल शून्य ओळी. एरर नाही, सूचना नाही.

नववी तपासणी : प्रोसिजर, फंक्शन, ट्रिगर

प्रोसिजर आणि फंक्शन म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेले छोटे प्रोग्राम, आणि टेबलात बदल झाला की आपोआप चालतो तो ट्रिगर. इथून पुढे वाट अवघड आहे. हे करायच्या आधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का तेही पाहा.

पोस्टग्रेसच्या फंक्शनमध्ये व्हेरिएबलचं नाव आणि कॉलमचं नाव एक असेल तर तोच अँबिग्युअस एरर येतो, आणि तपशिलात लिहिलेलं असतं की हे व्हेरिएबल असू शकतं किंवा कॉलम. ‘रिटर्न्स टेबल’मध्ये दिलेली नावंसुद्धा व्हेरिएबलच असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. व्हेरिएबलच्या नावाआधी ‘व्ही_’सारखं काही लावलं की सुटतं.

मायएस्क्यूएल आणि ओरॅकल इथे एरर देत नाहीत, आणि तिथेच घात होतो. प्रोसिजरला ‘आयडी’ नावाने किंमत दिली आणि आत लिहिलं :

अपडेट बुकिंग सेट स्टेटस = 'रद्द' व्हेअर आयडी = आयडी

मायएस्क्यूएल दोन्ही ‘आयडी’ व्हेरिएबल समजतं, ओरॅकल दोन्ही कॉलम समजतं. दोन्हीकडे अट प्रत्येक ओळीला खरी ठरते, आणि हॉटेलची सगळी बुकिंगं रद्द होतात.

पोस्टग्रेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ (ओळ आधीच असेल तर तीच बदला) वापरताना ‘सेट साठा = साठा + एक्सक्लुडेड.साठा’ लिहिलं तरी अडतं, कारण ‘साठा’ टेबलातही आहे आणि येऊ घातलेल्या ओळीतही. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे टेबलाचं नाव लावा, डावीकडे लावू नका.

आणि एक सापळा, जो या सगळ्याच्या उलट आहे :

डिलीट फ्रॉम बुकिंग व्हेअर पाहुणा_आयडी इन (सिलेक्ट पाहुणा_आयडी फ्रॉम तात्पुरते)

‘तात्पुरते’ टेबलात ‘पाहुणा_आयडी’ नावाचा कॉलमच नाही, तिथे तो नुसता ‘आयडी’ आहे. तुम्हाला वाटेल एरर येईल. येत नाही. आत नाव सापडलं नाही की डेटाबेस बाहेरच्या ‘बुकिंग’ टेबलातला कॉलम उचलतो, अट सगळ्यांना लागू होते, आणि ‘तात्पुरते’मध्ये एक जरी ओळ असेल तर सगळी बुकिंगं पुसली जातात. आत ‘तात्पुरते.पाहुणा_आयडी’ लिहिलं असतं तर असा कॉलम नाही म्हणून डेटाबेसने जागीच थांबवलं असतं.

दहावी तपासणी : क्वेरी तुम्ही लिहिलेलीच नाही

लॅराव्हेलसारखी चौकट (प्रोग्राम लिहायचं तयार फ्रेमवर्क) क्वेरी स्वतः बांधते, आणि फिल्टर लावल्यावरच अडण्याचं कारण पुष्कळदा हेच. कोडकडे पाहून अंदाज बांधत बसू नका. डेटाबेसकडे प्रत्यक्ष गेलेली क्वेरी लॉगमधून काढा. मायएस्क्यूएलमध्ये जनरल लॉग, पोस्टग्रेसमध्ये लॉग_स्टेटमेंट. काम झालं की लॉग बंद करा, तो डिस्क भरतो आणि त्यात पाहुण्यांची माहिती जाते. ती क्वेरी हातात आली की वरच्या तपासण्या तिच्यावर करायच्या, आणि दुरुस्ती कोडमध्ये : ‘आगमन’च्या जागी ‘बुकिंग.आगमन’.

इथे थांबा

सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल आणि क्वेरी त्याच्या आत असेल, तर स्वतः हात घालू नका. ज्याने ते दिलंय त्याला कळवा. डेटाबेसमधला कॉलम काढून किंवा त्याचं नाव बदलून एरर घालवायचा मोह होतो, तसं करू नका, पुढच्या अपडेटला सगळंच अडेल.

अडलेल्या क्वेरीत अपडेट किंवा डिलीट असेल तर सिलेक्टने आधी ओळी मोजा. आकडा समजला नाही तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. ट्रिगरमधून एरर येत असेल तरी तेच. बॅकअप नसेल तर आठव्या तपासणीच्या पुढे जाऊच नका.

दुरुस्तीनंतर कराचे किंवा पैशांचे आकडे आधीपेक्षा वेगळे येत असतील, तर प्रोग्रामरच्या आधी तुमच्या सीएला फोन करा. जुना आकडा बरोबर की नवा, हे क्वेरी पाहून ठरत नाही, बिलं पाहून ठरतं. महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) साधारण ११ तारखेला आणि ३बी (कर भरायचं विवरणपत्र) २० तारखेला असतं. त्याच्या आदल्या रात्री क्वेरी दुरुस्त करून निघालेला आकडा तसाच भरू नका.

जाणकाराला बोलावताना चार गोष्टी हाताशी ठेवा : एररचा पूर्ण मजकूर कॉपी केलेला, अडलेली क्वेरी, त्यातल्या सगळ्या टेबलांची रचना, आणि शेवटचा बदल कधी व कुणी केला ते. पाहुण्यांची नावं, पासपोर्ट नंबर, मोबाइल पाठवायची गरज नाही. हा दोष टेबलाच्या रचनेवरून सापडतो. कुणी पूर्ण डेटाबेस व्हॉट्सॲपवर मागितला तर देऊ नका, रचनेची फाइल द्या.